बारावा चमचा

बाबा जपानमधल्या फुनाबोरीच्या आमच्या घरी राहायला आले तेव्हा त्यांच्या सामानात चष्म्याची एक जुनी डबी होती आणि त्या डबीत चष्मा नव्हता. बोटभर लांबीची एक छिन्नी आणि एक चिमुकली हातोडी होती. आई जाऊन तेव्हा काही महिने झाले होते. पुण्यातल्या घरात ते एकटे दिवसदिवस खुर्चीत बसून राहतात असं शेजारच्या काकूंनी कळवलं, तेव्हा मी विमानाचं तिकीट काढलं आणि त्यांना सांगितलं, विचारलं नाही. विचारलं असतं तर ते आले नसते. आमच्या घरात विचारण्यापेक्षा सांगण्याची पद्धत जास्त, आणि तो गुण मी बाबांकडूनच घेतलाय.

पुण्यात बाबांचं भांड्यांचं दुकान होतं. भांडी काय, चार दुकानांत मिळत. लोक बाबांकडे यायचे ते नावासाठी. लग्न, मुंज, बारसं, वास्तुशांत, काहीही असो, घेतलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं किंवा घेणाऱ्याचं नाव घालून द्यायचं. पुढे सगळ्यांनी विजेवर चालणारी लेखणी आणली. बाबांनी छिन्नी सोडली नाही. ठक ठक ठक, टिंबाला टिंब लावून अक्षर पुरं करायचं. त्यांचं अक्षर इतकं देखणं होतं की माझ्या शाळेतल्या बाई घरच्या वाट्या दाखवून म्हणायच्या, तुझ्या वडिलांचा हात बघ आणि तुझी वही बघ.

आमच्या स्वतःच्या घरात मात्र एकाही भांड्यावर आमचं नाव नव्हतं. दुकानात अडकून पडलेली भांडी आमच्या मांडणीवर यायची. कुणी नाव घालून घेतलं आणि न्यायला फिरकलंच नाही, कुणाचं ठरलेलं मोडलं. नाव घातलेलं भांडं दुसऱ्याला विकता येत नाही आणि नवंकोरं भांडं मोडीत घालायला बाबांचा जीव व्हायचा नाही. मग ते आमच्याकडे. आई चिडायची. म्हणायची, ‘सगळ्या गावाची नावं घालता. माझ्या एका वाटीवर माझी तीन अक्षरं घालायला तुमचा हात झिजतो का?’ बाबा मान वर न करता म्हणायचे, ‘गिऱ्हाइकाचं आधी.’

त्यातली एक वाटी मी जपानला येताना उचलून आणली. आई कायम त्याच वाटीत आमटी घ्यायची. वाटीच्या कडेला एका नवरीचं नाव आहे. तिचं लग्न साखरपुड्यानंतर मोडलं आणि भांडी परत आली. माझी लेक अकरा वर्षांची, इथेच जन्मलेली, मराठीत विचारलं तर जपानीत उत्तर देणारी. ती त्या नवरीच्या नावाला जपानीतलं मानाचं ‘सान’ जोडते आणि वाटीला तशीच हाक मारते. जणू ती बाई आमच्याकडे रोज जेवायला येते.

दोन वर्षांपासून बाबांचा उजवा हात थरथरतो. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, थरथर तेवढीच राहिली. दुकान बंद झालं ते त्यामुळे. पण डबी काही त्यांनी सोडली नाही. लोक खिशात औषध ठेवतात तशी ती डबी त्यांच्या कोटाच्या खिशात असायची.

मी तेव्हा शिंजुकु रेल्वे लाइनवरच्या एका लहानशा दुकानात बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम करत होते. दुकानात फक्त जुनी डॅनिश चांदी मिळायची. चमचे, काटे, सुऱ्या, वाढायची पळी. नवं काही नाही. सगळं कुणीतरी आधी वापरलेलं. मालकीण सत्तरीची, ताठ पाठीची. तिला सगळे तेन्चो-सान म्हणत. तेन्चो म्हणजे दुकान चालवणारी. ती कमी बोलायची आणि जे बोलायची ते दुसऱ्यांदा सांगायची नाही. माझं तिच्याशी जमलं, कारण मला अशी माणसं समजतात.

तिच्याकडेच मी चांदी वाचायला शिकले. चमचा पालथा करायचा. दांड्याच्या मागे बारीक शिक्के असतात. एक कारखान्याचा. एक स्टर्लिंगचा, म्हणजे शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी. आणि जुन्या मालावर तीन बुरुजांचा एवढासा शिक्का, त्याखाली सालाचे दोन आकडे. कोपनहेगनच्या तपासनिसांनी चांदी कसाला लावून तो मारलेला असतो. एकाच नक्षीचे दोन चमचे दिसायला सारखे असले तरी वेगवेगळ्या काळात केलेले असतील तर हातात वेगळे लागतात, जुना जरा जड, कडा जरा जाड. त्या काळी चांदीची कांब तापवून ठोकून ठोकून चमचा करत, मग कानशीने घासत, आणि नक्षीच्या खळग्यांतला काळेपणा मुद्दाम राहू देत, म्हणजे नक्षी उठून दिसते. पहिल्या आठवड्यात मी तो काळेपणा पुसायला निघाले होते. तेन्चो-सानने माझा हात धरून खाली ठेवला होता.

तिचे दोन नियम होते. पहिला, चमच्यावर आधीच्या मालकाचं नाव किंवा अक्षर कोरलेलं असेल तर ते खोडून द्यायचं नाही. लोक मागायचे. जुनी चांदी हवी, पण जुनं नाव नको. ती वाकून नमस्कार करायची आणि त्यांना दार दाखवायची. दुसरा नियम, माल विकण्याआधी आम्ही तो घरी न्यायचा आणि दोन दिवस त्याने जेवायचं. ‘काचेच्या कपाटातून चमचा कळत नाही,’ ती म्हणायची. ‘ओठाला कसा लागतो, गरम रशात दांडा किती तापतो, हे मला सांगा. मग मी गिऱ्हाइकाला सांगीन.’ अशाने मी कितीतरी परक्या घरांतल्या चमच्यांनी आमटी खाल्ली.

त्या आठवड्यात जो चमचा मी घरी आणला त्याची गोष्ट आधीपासून दुकानात सगळ्यांना ठाऊक होती. एक वृद्ध बाई होत्या. त्यांच्याकडे नवऱ्याने हौसेने जमवलेले बारा सूपचे चमचे, त्यातला एक हरवला. नवरा गेला. त्याच्या स्मरणाच्या जेवणाला सगळं घर जमणार होतं आणि त्यांना बाराच्या बारा चमचे मांडायचे होते, त्यातला एक नवऱ्याच्या रिकाम्या जागेसमोर. तीच नक्षी, तेच साल, आणि वर कुणाचंही अक्षर नको. तेन्चो-सानने वर्षभर शोध घेतला. डेन्मार्कच्या कुठल्याशा गावातून अखेर एक मिळाला. शनिवारी सकाळी बाई न्यायला येणार, रविवारी जेवण. गुरुवारी संध्याकाळी तो चमचा माझ्या पिशवीत.

जेवताना मी त्याने आमटी घेतली. बाबा समोर होते. त्यांनी हात पुढे केला, मी चमचा धुऊन, पुसून दिला. त्यांनी तो पालथा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि शिक्के डोळ्यांजवळ नेले.

‘हे कुणाचं नाव?’

‘कारखान्याचं.’

‘ते मालकाचं झालं. ठोकणाऱ्याचं कुठाय?’

‘ते नसतं बाबा.’

‘आणि वापरणाऱ्याचं?’

‘तेही नाहीये.’

‘मग एवढी चांदी घेऊन उपयोग काय?’ ते म्हणाले आणि हसले. आई गेल्यानंतर त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. थरथरत्या हातात चमचा हलत होता आणि दिव्याचा उजेड भिंतीवर नाचत होता. ‘आणलास कशाला?’ त्यांनी विचारलं.

‘वापरायला,’ मी म्हटलं. खरंच तर होतं. मी भात कालवत होते, लेक शाळेचं काहीतरी सांगत होती, आणि तो एक शब्द मी टाकून दिला.

शुक्रवारी मी कामावर गेले, चमचा घरी ठेवून, कारण रात्री त्याने खीर खायची बाकी होती. माझा नवरा त्या आठवड्यात ओसाकाला होता. संध्याकाळी परत आले, सायकल लावली, वर गेले. बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. टेबलावर माझी जाड चादर चौपदरी घालून पसरलेली, तिच्यावर छिन्नी, हातोडी, आणि मधोमध चमचा, पालथा.

‘बघ,’ ते म्हणाले.

दांड्याच्या मागे, शिक्क्यांच्या खाली, तीन अक्षरं होती. आईचं नाव. टिंबाला टिंब लावून ठोकलेलं. वाईट ठोकलेलं. टिंबं ओळ सोडून भरकटली होती, मधल्या अक्षराचा काना वाकडा झाला होता, एके ठिकाणी छिन्नी घसरून ओरखडा उठला होता. ज्या माणसाच्या अक्षरासाठी लोक शहराच्या दुसऱ्या टोकाकडून यायचे त्या माणसाचं हे अक्षर होतं.

चमचा उद्या सकाळी जायचा होता, वर्षभर शोधलेला.

‘हात ऐकत नाही,’ बाबा म्हणाले. ‘सकाळपासून बसलोय. पण झालं. चांदी गुणी आहे गं, घाव लगेच घेते.’ मग त्यांचा आवाज खाली आला. ‘तिला एकदा घालून द्यायचं होतं. स्टीलवर नाही, चांदीवर. राहून गेलं होतं.’

ते माझ्याकडे बघत होते. दुकानात पहिलं भांडं पूर्ण केलेलं पोरगं वडिलांकडे बघतं तसे.

‘छान झालंय,’ मी म्हटलं आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

मला राग आला होता. त्यांचा, तेन्चो-सानच्या त्या शहाण्या नियमाचा, आणि आईचाही, जी आयुष्यभर मागत राहिली आणि मिळालं तेव्हा नव्हती. नळ चालू ठेवून मला दोनच गोष्टी दिसत होत्या. बाबांना सांगितलं की हा चमचा परक्याचा आहे, तर ते पुन्हा खुर्चीत जाऊन बसतील आणि या वेळी उठणार नाहीत. आणि नाही सांगितलं तर उद्या अकरा वाजता त्या बाईंसमोर मी काय ठेवू? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यांनी असं कसं केलं, हे तर मला लगेचच कळलं होतं. बाबांच्या धंद्यात अन्न लागलेलं भांडं दुकान परत घेत नाही. मी त्यांच्यादेखत त्या चमच्याने जेवले होते. उष्टा झालेला चमचा तो घरचाच. ज्याने जन्मभर भांडी विकली त्या माणसाच्या डोक्यात दुसरी शक्यता येणारच नव्हती.

मी सांगितलं नाही. रात्री त्याच चमच्याने खीर खाल्ली. बाबांनी मागून दोन घास घेतले.

शनिवारी सकाळी लेक तिच्या पोहण्याच्या क्लासला गेली आणि मी चमचा रुमालात गुंडाळत होते तेव्हा बाबा कोट घालून दाराशी उभे.

‘तुझं दुकान दाखव. ही चांदी अजून कशी कशी करतात ते बघतो.’ मग रुमालाकडे बघून, ‘त्यांना नाव दाखवायला नेतेस होय? ने, ने.’

आता काय सांगणार? त्यांना घेऊन निघाले. गाडीत ते खिडकीतून नदी बघत होते आणि मी त्यांच्या हाताकडे. मनात जपानी वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्य अर्ध्यावर मोडत होतं.

दुकानात तेन्चो-सानने बाबांना वाकून नमस्कार केला, कपाटाजवळ बसायला स्टूल दिलं, चहा दिला. बाबा काचेशी नाक लावून बसले. मी रुमाल काउंटरवर सोडला. तिने चमचा उचलला, पालथा केला, भिंग लावलं. बराच वेळ भिंग हललं नाही.

‘वडिलांनी?’ तिने हळू आवाजात विचारलं.

‘हो. त्यांना वाटलं, हा आमचा आहे. मी त्याने जेवले म्हणून. हे माझ्या आईचं नाव आहे. ती नाही आता.’

मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर मी पण ओरडले असते आणि बरं वाटलं असतं. तिने भिंग मिटलं. ‘बाई येतील तेव्हा तुम्ही दाखवा,’ ती म्हणाली. ‘मी मध्ये पडणार नाही.’

बाई वेळेवर आल्या. ऐंशीच्या पुढच्या, राखाडी किमोनो, हातात कापडाची गुंडाळी. त्यांनी ती काउंटरवर उलगडली. अकरा चमचे, कप्प्याकप्प्यात, आणि बारावा कप्पा रिकामा. बाबा स्टूलवरून उठून जवळ आले. चमचे बघून त्यांनी कौतुकाने मान हलवली. त्यांना वाटलं असावं, ह्या बाईही आपल्यासारख्याच शौकीन.

मी चमचा बाईंच्या हातात दिला. त्यांनी आधी तो तोलला. डोळे मिटून तोलला आणि चेहरा उजळला. मग पालथा केला. बोट शिक्क्यांवरून खाली सरकलं आणि टिंबांपाशी थांबलं.

‘हे काय?’ त्यांनी विचारलं. ‘ज्याने घडवला त्याची खूण का?’

तेन्चो-सान माझ्याकडे बघत नव्हती, ती अकरा चमच्यांकडे बघत होती. नुसतं हो म्हणायचं होतं. दुकानात ती अक्षरं वाचू शकणारी माणसं दोनच, मी आणि बाबा. हो म्हटलं असतं तर आईचं नाव कुठल्यातरी डॅनिश कारागिराची खूण म्हणून मानाने गेलं असतं, चमचा बाराव्या कप्प्यात बसला असता आणि बाबांना काही कळलं नसतं. जिभेच्या टोकावर हो होतं.

‘काय विचारतायत?’ बाबांनी मराठीत विचारलं.

‘माझ्या आईचं नाव आहे,’ मी बाईंना जपानीत म्हटलं. ‘वडिलांनी काल घातलं. हा आमच्याच घरचा आहे असं त्यांना वाटलं. चूक आमची आहे.’ आणि कमरेत वाकले.

मान वर केली तेव्हा बाईंनी चमचा काउंटरवर ठेवला होता. आपटला नाही, अलगद ठेवला.

‘काय म्हणाल्या?’

‘आवडला म्हणाल्या,’ मी बाबांना म्हटलं.

‘गिऱ्हाईक आवडलेला माल खाली ठेवत नाही.’ बाबांचा आवाज बदलला होता. ते अकरा चमच्यांकडे बघत होते, मग रिकाम्या कप्प्याकडे, मग माझ्याकडे. ‘हा चमचा कुणाचा आहे?’

मी रिकाम्या रुमालाची घडी घालायला लागले.

‘तुला विचारतोय. कुणाचा?’

‘यांचा. आज न्यायला आल्यात. उद्या यांच्याकडे जेवण आहे, यांच्या मिस्टरांच्या नावाने.’

‘आणि तू त्याने जेवलीस?’ ते इतक्या मोठ्याने बोलले की बाई मागे सरकल्या. ‘उष्टा माल विकता तुम्ही? आणि मला काल का नाही सांगितलंस? छान झालंय म्हणालीस. काल सांगितलं असतंस तर रात्रीत काही केलं असतं. गिऱ्हाइकासमोर आणून उभं केलंस मला!’

‘तुम्ही विचारलं का ठोकण्याआधी?’ मीही चढ्या आवाजात म्हणाले. ‘कुणाचा आहे म्हणून एका शब्दाने विचारलंत?’

‘जेवलेल्या चमच्याबद्दल काय विचारायचं!’

बाबांची नजर त्या दोघी बायांकडे गेली. मग ते थांबले आणि एकदम दुकानदाराच्या आवाजात म्हणाले, ‘त्या काय म्हणाल्या ते शब्दाला शब्द सांग. पदरचं घालू नकोस.’

मी बाईंना विचारलं. त्या बराच वेळ बोलल्या, पुन्हा पुन्हा क्षमा मागत. मी सांगितलं: चमचा तोच आहे, वजनही तेच. तुमच्या पत्नीबद्दल वाईट वाटतं. पण उद्या नवऱ्याच्या जागेसमोर दुसऱ्या कुणाचं नाव ठेवायला मला जमणार नाही. दुसरा मिळेपर्यंत थांबले असते, पण माझं वय बघा.

‘बरोबर आहे त्यांचं,’ बाबा म्हणाले.

तेन्चो-सान तेव्हा बोलली. ‘मी नाव खोडत नाही,’ ती बाईंना म्हणाली. ‘कोरलेलं काढायला चांदी घासून काढावी लागते. शिक्केही जातील. मग तो तुमचा बारावा राहणार नाही.’

मी तेही सांगितलं. बाबांनी नकारार्थी मान हलवली. ‘कोरलेलं असतं तर खरं. हे ठोकलंय. ठोकल्याने चांदी जात नाही, बाजूला सरते. तिला परत आणता येते. यांच्याकडे ओपणी आहे का विचार. गुळगुळीत दगडाचं टोक असतं, दाबून घासायला.’

‘बाबा, नको.’

‘विचार.’

मी विचारलं नाही. मला विचारायचं नव्हतं. बाबांनी स्वतःच काउंटरमागच्या हत्यारांकडे बोट केलं, मग घासण्याची खूण केली, आणि तेन्चो-सानने माझ्याकडे एकदा बघून ते हत्यार काढलं. लाकडी मूठ, पुढे काळा चकचकीत दगड. साबणाचं पाणी आणलं. कातडीची उशी आणली.

बाबा दिव्याखाली बसले. डाव्या हाताचा अंगठा त्यांनी शिक्क्यांवर ठेवला, तीन बुरुज झाकून, आणि उजव्या हाताने शेवटच्या अक्षरापासून घासायला सुरुवात केली. हात थरथरत होता. ‘घासायला थरथर चालते,’ ते पुटपुटले. दगड दोनदा घसरला, दोन्ही वेळा त्यांच्या अंगठ्याच्या नखावर आदळला. त्यांनी अंगठा हलवला नाही. हलवला असता आणि दगड शिक्क्यावर गेला असता तर सालाचे आकडे पुसले गेले असते आणि मग चमचा ना बाईंचा ना आमचा. तिसऱ्यांदा घसरला तेव्हा नखाच्या कडेला रक्त आलं. मी पुढे झाले. ‘मागे हो, उजेड अडतोय,’ ते म्हणाले.

शेवटचं अक्षर गेलं. मधल्याचा तो वाकडा काना काही केल्या जाईना, तिथे टिंबं खोल गेली होती. बाबा त्याच्याशी किती वेळ झटत होते. मला वाटत होतं की तो जाऊ नये. मनातल्या मनात मी बाईंना विनवत होते, बास म्हणा, राहू दे म्हणा. त्या म्हणाल्या नाहीत. त्या उभ्या राहून बघत होत्या, बसायला दिलेल्या खुर्चीत एकदाही बसल्या नाहीत. काना गेला. मग पहिलं अक्षर. तेवढंच एक उरलं होतं तेव्हा बाबांनी दगड खाली ठेवला, कपाळ पुसलं, आणि ते अक्षर म्हटलं. अर्धवट, घशातच. मग तेही घासलं.

नखाने चाचपून बघितलं. चमचा धुतला, पुसला, पालथा करून बाईंच्या पुढे धरला. दोन्ही हातांनी, इथली माणसं देतात तसा. इथे आल्यावर ते हे कधी शिकले होते कोण जाणे.

बाईंनी बोट फिरवलं. मग इतक्या खाली वाकल्या की मला त्यांच्या मानेवरचं हाड दिसलं. त्यांनी बाराही चमचे काउंटरवर एका ओळीत मांडले, एकदा मोजल्यासारखं बघितलं आणि दोन्ही हातांनी गोळा करून एकेक कप्प्यात घालायला लागल्या. तेवढ्यात माझी नजर चुकली. पुन्हा बघितलं तेव्हा त्यातला आईचा कुठला होता ते मला सांगता येईना.

त्या गेल्यावर तेन्चो-सान बाबांच्या अंगठ्याला पट्टी लावायला लागली. ‘या दुकानात पहिल्यांदा नाव पुसलं गेलं,’ ती मला म्हणाली. ‘सोमवारी या. पण माल आता घरी न्यायचा नाही. कुणीच न्यायचा नाही.’ मी हो म्हटलं. नोकरी राहिली याचा आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

गाडीत जागा मिळाली. मी गप्प बसायचं ठरवलं होतं आणि दोन स्टेशनंही ते निभावलं नाही.

‘तुम्ही थोडं थांबला असता तर त्या विरघळल्या असत्या. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव घातलंत आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने पुसलंत. तिला काय वाटलं असतं?’

बाबा पट्टीकडे बघत होते. ‘काही नाही वाटलं असतं,’ ते म्हणाले. ‘गिऱ्हाइकाचं आधी, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?’ आणि मग तोंड खिडकीकडे वळवून ते रडले. भर गाडीत, आवाज न करता, खांदे हलवत. समोरच्या माणसाने मोबाइलमध्ये डोळे घातले. मी त्यांचा थरथरता हात धरला आणि फुनाबोरी येईपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी मी म्हटलं, घरातली कुठलीही वाटी घ्या, ताट घ्या, घाला आईचं नाव. त्यांनी मान हलवली. डबी त्यांनी आपल्या बॅगेच्या तळाशी ठेवून दिली होती, कोटाच्या खिशात नव्हती.

लेक पानं घेत होती. तिने मांडणीवरून ती जुनी वाटी काढली, लग्न मोडलेल्या त्या नवरीचं नाव घेतलं, पुढे नेहमीसारखं सान लावलं आणि माझ्या पानाशी ठेवायला निघाली. बाबांनी मध्येच हात पुढे करून वाटी घेतली. कडेवरचं नाव त्यांनी पट्टीच्या अंगठ्याने एकदा चाचपलं. मग वाटी तिच्या हातात परत दिली.

‘सान-बिन काही नाही,’ ते म्हणाले. ‘आजीची वाटी म्हण.’